पत्त्यांचे झाड आणि कामाची वाटणी
प्रस्तावना

झाशीहून ललितपूरकडे जाताना बबीना लागते. हे लष्करी ठाणे आहे. इथे रणगाड्यांचा सराव चालतो, गोळीबाराची मैदाने आहेत आणि त्यांच्या कडेने घरे, दुकाने, शाळा असलेली नागरी वस्ती आहे. या वस्तीची घरपट्टी, पाणी, दुकानांचे परवाने, जन्ममृत्यूच्या नोंदी ही कामे नगरपालिका पाहत नाही, कॅन्टोन्मेंट बोर्ड पाहते. देवळाली, खडकी, देहूरोड किंवा कामठीला राहिलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते ‘ई-छावणी’ हे पोर्टल सुरू झाले, तेव्हा देशातली ६२ कॅन्टोन्मेंट बोर्डे आणि त्यांतले वीस लाखांहून अधिक रहिवासी एकाच वेब-यंत्रणेखाली आले. ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन, भारत इलेक्ट्रॉनिक्स, रक्षा संपदा महानिदेशालय आणि एनआयसी या चौघांनी मिळून ती उभी केली. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण, जन्ममृत्यूचे दाखले, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, व्यापार परवाना, कर आणि शुल्काचा भरणा अशा सेवा तिच्यावर आल्या.

वेब-अॅप बांधणाऱ्याच्या डोळ्यांनी याकडे पाहू. तेव्हाची ६२ बोर्डे घेऊ. प्रत्येकाच्या सहा सेवा धरू. प्रत्येक सेवेत अर्ज, कागदपत्रे, भरणा, सद्यस्थिती, दाखला, जुन्या नोंदी अशी सहा पाने धरू. नागरिकांसाठी एक बाजू आणि कर्मचाऱ्यांसाठी दुसरी. गुणाकार ४,४६४ वर जातो. एवढे पत्ते कुणी हाताने लिहीत नाही. बोर्डाचे नाव पॅरामीटर केले की उरतात ७२, आणि त्यांतही बऱ्याच पानांचा सांगाडा सारखाच असतो. एवढे वर्णन ऐकले की काम सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र मोठी वेब-अॅप्स इथेच गुंतत जातात. कर विभागाचे मॉड्यूल एक गट लिहितो, परवान्याचे दुसरा, तक्रारींचे तिसरा. प्रत्येक गट आपापल्या फोल्डरात आपापले राउट लिहितो. ते सगळे एका ब्राउझरच्या एका पत्तापट्टीत येऊन बसतात. कोणता राउट कुणाच्या पोटात, कोणत्या लेआउटखाली, कोणत्या परवानगीने आणि कोणत्या क्षणी लोड होईल, याचा निर्णय कुणी एकाने घेतलेला नसतो. तो आपोआप पडत जातो.

हे पुस्तक त्या निर्णयाविषयी आहे. त्याचे सूत्र थोडक्यात सांगतो. वेब-अॅपमध्ये दोन झाडे असतात. एक पत्त्यांचे झाड. त्याचा आकार वापरणाऱ्याच्या कामावरून ठरला पाहिजे. दुसरे मॉड्यूलांचे झाड. त्याचा आकार कोण कशाची जबाबदारी घेतो यावरून ठरला पाहिजे. ही दोन झाडे सारखी दिसावीत असा आग्रह धरला की दोन्ही बिघडतात. ती जिथे एकमेकांना टेकतात ते सांधे मोजके, उघड दिसणारे आणि ठरवून केलेले असावेत. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत.

आधी ‘नेस्टेड राउट’ म्हणजे काय ते नीट पाहू, कारण इथेच पहिला गोंधळ होतो. पत्त्यात तिरप्या रेघा अधिक असल्या म्हणजे राउट नेस्टेड झाला असे नव्हे. ‘/बबीना/मालमत्ता/४५१/भरणा’ हा पत्ता एकाच सपाट राउटने चालवता येतो. नेस्टिंगचा संबंध पडद्याशी आहे. बाहेरचा राउट आपले कॉम्पोनंट मांडतो आणि त्यात एक मोकळी जागा ठेवतो. तिला आउटलेट म्हणतात. आतला राउट त्या जागेत आपले कॉम्पोनंट बसवतो, आणि त्याच्याही आत तसेच. त्यामुळे वर बोर्डाचे नाव, डावीकडे सेवांची यादी, मधे मालमत्तेची माहिती आणि तिच्याखाली टॅब अशी रचना उभी राहते. टॅब बदलला तर फक्त सर्वांत आतला तुकडा बदलतो. बाहेरचे कॉम्पोनंट जागचे हलत नाही, त्याने आणलेली माहिती पुन्हा मागवावी लागत नाही. थोडक्यात, नेस्टेड राउट एकाच वेळी तीन गोष्टी ठरवतो: पत्ता कसा वाचायचा, पडदा कसा विभागायचा आणि कोणती माहिती किती वेळ जिवंत ठेवायची. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात, म्हणून सोय वाटते. जिथे त्या वेगळ्या दिशांना जातात तिथे अनुभवी माणसेही अडखळतात.

ही कल्पना फार जुनी नाही. ब्राउझरमध्ये पान न बदलता पत्ता बदलण्याची रीतसर सोय हिस्टरी एपीआयमुळे मिळाली. २०१० ते २०११ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांत ती आली. त्याआधी हॅशचिन्हापुढे मजकूर लिहून काम भागवले जाई. अँग्युलरजेएसच्या मूळ राउटरमध्ये पडद्यावर एकच जागा बदलता येत असे. ती मर्यादा ओलांडण्यासाठी वापरकर्त्यांनीच यूआय-राउटर लिहिला आणि त्यात एकात एक बसणाऱ्या ‘स्टेट’ आल्या. एम्बरची पहिली पक्की आवृत्ती २०१३ च्या ऑगस्टमध्ये आली. नेस्टेड राउट हा अॅपचा कणा आहे हे तिने ठामपणे मांडले. रिअॅक्ट राउटरने ती कल्पना एम्बरकडूनच घेतली. २०१७ मधल्या चौथ्या आवृत्तीत त्याने राउटांची मध्यवर्ती सारणी टाकून दिली. राउट म्हणजे कुठेही ठेवता येणारे कॉम्पोनंट, असे तिचे म्हणणे होते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सहावी आवृत्ती आली आणि नेस्टिंग व आउटलेट पुन्हा केंद्रस्थानी आले. अँग्युलर २ चा राउटर तर पक्की आवृत्ती येण्याआधीच पुन्हा पुन्हा लिहिला गेला. एवढ्या हुशार माणसांना एवढ्यांदा मत बदलावे लागले, यावरून प्रश्नाची खोली कळते. सारणी एका ठिकाणी ठेवली तर संपूर्ण चित्र दिसते, पण प्रत्येक गटाला त्याच फाइलला हात लावावा लागतो. सारणी विखुरली तर गट मोकळे होतात, पण संपूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही. त्या सगळ्या आवृत्त्या या दोन टोकांमध्येच हेलकावे घेत होत्या.

यावर व्यवहारात टिकलेला तोडगा असा. मुख्य राउट-फाइलमध्ये फक्त जोडणीच्या जागा असाव्यात: ‘मालमत्ता’ या शब्दाखाली येणारे सगळे पत्ते मालमत्ता मॉड्यूलचे. त्याच्या आत काय आहे ते मुख्य फाइलला माहीत नसावे. उलट, मालमत्ता मॉड्यूलने आपण कुठे जोडले गेलो आहोत हे गृहीत धरू नये. त्याचे आतले सगळे दुवे सापेक्ष असावेत, मुळापासून लिहिलेले नसावेत. अँग्युलरमध्ये मुख्य मॉड्यूल ‘फॉररूट’ वापरते आणि बाकीची ‘फॉरचाइल्ड’. त्या भेदामागचा हेतू असा की राउटर एकच असावा आणि मॉड्यूलांनी त्यात फक्त आपापल्या फांद्या घालाव्यात. ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनच्या डिजिट या मुक्तस्रोत व्यासपीठाच्या रिअॅक्टमधल्या वेब-अॅपमध्येही नागरिक आणि कर्मचारी अशा दोन मोठ्या बाजू आणि त्यांखाली सेवांची वेगवेगळी मॉड्यूले अशी विभागणी दिसते. त्या संस्थेचे काम अभ्यासू इच्छिणाऱ्याने तो कोड उघडून जरूर पाहावा. या पुस्तकातली राउट-उदाहरणे मात्र आपली आपण रचलेली आहेत. ‘समजा बबीनासारख्या बोर्डासाठी आपल्यालाच पोर्टल बांधायचे आहे’ असे धरून ती चालतात.

उदाहरणांतले पत्ते देवनागरीत लिहिले आहेत ते वाचायला सोपे जावे म्हणून. ब्राउझर देवनागरी पत्ते स्वीकारतो, पण जाळ्यावरून पाठवताना प्रत्येक अक्षरखूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांची होते आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन खुणांत लिहिला जातो. ‘बबीना’ या पाच खुणांच्या शब्दाचे पत्त्यात पंचेचाळीस वर्ण होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला असा दुवा पाहून लोक घाबरतात. म्हणून प्रत्यक्ष अॅपमध्ये पत्त्याचे शब्द रोमन लिपीत ठेवणे अजून तरी सोयीचे पडते. पडद्यावरच्या शीर्षकांना, टॅबांना आणि ब्रेडक्रम्बना मात्र ही सबब लागू होत नाही. ते मराठीत, हिंदीत, रहिवाशाच्या भाषेतच हवेत, आणि राउटच्या व्याख्येतच त्यांची सोय करता येते.

आता एक अडचण अगदी जवळून पाहू. बाहेरचा राउट ‘बोर्ड/:क्रमांक’ आहे आणि त्याचे एक लेआउट-कॉम्पोनंट आहे. त्याच्या पोटात ‘मालमत्ता’ हे मॉड्यूल मागाहून लोड होते आणि त्याच्या आत ‘:क्रमांक’ असा राउट आहे. मालमत्तेच्या पानाला दोन्ही आकडे हवेत: बोर्ड कोणते आणि मालमत्ता कोणती. अँग्युलरच्या नेहमीच्या मांडणीत आतल्या राउटला बाहेरचे पॅरामीटर सरसकट मिळत नाहीत. बाहेरच्या राउटला स्वतःचे कॉम्पोनंट नसेल किंवा आतल्याचा पाथ रिकामा असेल तरच मिळतात. इथे लेआउट-कॉम्पोनंट आहे, म्हणून बोर्डाचा क्रमांक आत पोचत नाही. सर्व्हरकडे मागणी जाते, बोर्डाची जागा रिकामी राहते आणि यादी कोरी येते. लिहिणारा घाईत ‘पालकाचा पालक, त्याचा पालक’ अशी साखळी लावून आकडा मिळवतो. काम होते. पुढे कुणीतरी मधे एक टॅबचा थर घालतो, साखळीची एक कडी वाढते आणि मालमत्तेच्या मॉड्यूलला कुणी हात लावला नसताना ते मोडते.

दुसरा मार्ग म्हणजे बाहेरच्या पॅरामीटरांचा वारसा आतल्या राउटला ‘नेहमी’ मिळावा अशी सेटिंग करणे. मग दुसरी खोच समोर येते: दोन्ही ठिकाणी नाव ‘क्रमांक’ असल्यामुळे आतला आकडा बाहेरच्याला झाकून टाकतो. रिअॅक्ट राउटर आणि व्ह्यू राउटर बाहेरचे पॅरामीटर आत देतात, पण सारखी नावे तिथेही हाच घोळ करतात. यावरचा नियम साधा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून पाळावा. पॅरामीटरला पूर्ण नाव द्यावे: ‘बोर्डक्रमांक’, ‘मालमत्ताक्रमांक’. आणि मॉड्यूलला बाहेरून नेमके काय लागते ते त्याच्या तोंडाशी एकाच जागी लिहून ठेवावे. ‘मला बोर्डक्रमांक द्या, मग मला कुठेही जोडा’ असे सांगणारे मॉड्यूल खऱ्या अर्थाने स्वतंत्र असते. हे सांगणे म्हणजेच वर म्हटलेला सांधा.

क्रमाचा प्रश्नही असाच. अँग्युलर राउटांची यादी वरून खाली वाचतो आणि पहिला जुळणारा घेतो. ‘अर्ज/:अर्जक्रमांक’ आधी आणि ‘अर्ज/नवीन’ नंतर लिहिले तर ‘नवीन’ हा शब्दच अर्जाचा क्रमांक समजला जातो. ‘सापडले नाही’ हे पान दाखवणारा सर्वग्राही राउट मुख्य राउट-मॉड्यूलमध्ये असेल आणि ते मॉड्यूल बाकीच्यांच्या आधी आयात झाले असेल, तर छावणीच्या पहिल्याच फाटकावर सगळ्यांना माघारी धाडणाऱ्या पहारेकऱ्यासारखा तो मागच्या कुठल्याच मॉड्यूलपर्यंत कुणाला पोचू देत नाही. रिअॅक्ट राउटरची सहावी आणि व्ह्यू राउटरची चौथी आवृत्ती पाथ किती नेमका आहे ते पाहून क्रम लावते, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. तरीही सर्वग्राही राउट प्रत्येक मॉड्यूलने आपल्यापुरता ठेवावा की एकच असावा, हे ठरवावेच लागते. माझे मत असे की मॉड्यूलच्या आतली चूक मॉड्यूलनेच सांगावी. ‘ही मालमत्ता सापडली नाही’ असे वाक्य कर विभागाच्या लेआउटमध्ये, सेवांची यादी शेजारी ठेवून दिसले, तर माणूस तिथून पुढे जाऊ शकतो. अॅपच्या मुळाशी फेकला गेला तर तो पोर्टलच बंद करतो.

मागाहून लोड करण्याला, म्हणजे लेझी लोडिंगला, या पुस्तकात मोठी जागा दिली आहे. मॉड्यूलची हद्द आणि डाउनलोडची हद्द सहसा एकच असते, म्हणून हा विषय राउटांपासून वेगळा काढता येत नाही. मृत्यूचा दाखला काढायला आलेल्या माणसाच्या फोनवर व्यापार परवान्याचा कोड उतरवण्याचे काही कारण नाही. अँग्युलरमध्ये पूर्वी मॉड्यूलचे नाव अक्षरमालेत लिहावे लागे. २०१९ च्या आठव्या आवृत्तीपासून भाषेचाच डायनॅमिक इम्पोर्ट वापरता येऊ लागला, आणि २०२० च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात तो रीतसर समाविष्ट झाला. २०२२ पासून मॉड्यूलशिवाय स्वतंत्र उभी राहणारी कॉम्पोनंट आली आणि राउटांची नुसती यादीही मागाहून आणता येऊ लागली. साधने सुधारली, तरी दोन चुका जुन्याच राहिल्या. पहिली: मालमत्तेच्या मॉड्यूलमधली एखादी छोटी यादी मुख्य भागाने थेट आयात केली की त्या कोडाची तोड फसते आणि त्यातला भाग, कधी सगळेच मॉड्यूल, सुरुवातीच्या फाइलमध्ये येऊन बसतो. कुणाला कळत नाही, फक्त पोर्टल जड होते. दुसरी: नवी आवृत्ती चढवताना जुन्या तुकड्यांच्या फाइली काढून टाकल्या जातात. ज्याच्या फोनवर पोर्टल सकाळपासून उघडे आहे त्याने दुपारी ‘भरणा’ दाबले की ब्राउझर नाहीशा झालेल्या फाइलची मागणी करतो आणि पान कोरे पडते. जुन्या फाइली काही काळ तशाच ठेवणे, आणि तुकडा न मिळाल्यास पान पुन्हा लोड करणे, हे दोन्ही उपाय करावेत.

भरण्याचाच विषय पुढे नेतो, कारण पत्ता, पडदा आणि माहितीचे आयुष्य या तीन गोष्टी वेगळ्या दिशांना जातात त्याचे ते उत्तम उदाहरण आहे. पत्त्याच्या दृष्टीने भरणा मालमत्तेच्या पोटात आहे. पडद्याच्या दृष्टीने नाही: पैसे भरताना शेजारी टॅब आणि सेवांची यादी नको, माणसाचे लक्ष एका रकमेवर राहिले पाहिजे. म्हणून पत्ता आत ठेवून लेआउट वेगळे द्यावे लागते. अँग्युलरमध्ये रिकाम्या पाथचे राउट आणि रिअॅक्ट राउटरमध्ये पाथ नसलेले लेआउट-राउट याचसाठी असतात. आता माहितीचे आयुष्य पाहू. रहिवासी बँकेच्या किंवा गेटवेच्या पानावर जातो, म्हणजे आपले अॅप त्या टॅबमधून पुरते उतरते. परत येताना तो थेट एखाद्या आतल्या पत्त्यावर येतो. तिथे अॅपच्या आठवणीत काहीही शिल्लक नसते. कोणते बोर्ड, कोणती मालमत्ता, कोणता व्यवहार हे सगळे त्या पत्त्यातून किंवा सर्व्हरकडूनच कळले पाहिजे. आणि तो पत्ता आल्यावर सर्व्हरने अॅपची मूळ फाइल द्यायला हवी. सर्व्हर त्या नावाची खरी फाइल शोधत बसला आणि ‘सापडले नाही’ म्हणाला, तर पैसे गेलेल्या माणसासमोर चारशे चारचे पान येते. प्रत्येक आतला राउट नव्या टॅबमध्ये थेट उघडून पाहणे, ही म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी चाचणी आहे.

परवानग्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. कर्मचाऱ्यांची बाजू नागरिकांच्या बाजूपासून मुळाशीच वेगळी करावी आणि गार्ड, म्हणजे राउट उघडण्याआधी परवानगी तपासणारा कोड, त्या सांध्यावर एकदाच बसवावा. आत प्रत्येक राउटवर तोच गार्ड पुन्हा लिहिला की कधीतरी एक जागा राहून जाते. योग्य गार्डमुळे कर्मचाऱ्यांचा कोड नागरिकाच्या ब्राउझरमध्ये विनाकारण उतरणेही टळते. पण गार्ड ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. कुणाला काय पाहता येईल याचा शेवटचा निर्णय सर्व्हरनेच करायचा असतो.

पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विषय पत्ता टिकण्याचा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच चांगले पत्ते बदलत नाहीत असा आग्रह मांडला होता. तो सपाट पानांच्या काळातला होता. नेस्टेड राउटांच्या काळात तो पाळणे अधिक अवघड झाले आहे, कारण पत्त्यात आपण आपली अंतर्गत उतरंड लिहून टाकतो आणि उतरंडी बदलतात. छावण्यांचेच पाहा. २०२३ च्या एप्रिलमध्ये हिमाचलमधल्या योलचे कॅन्टोन्मेंट रद्द झाले. पुढच्या वर्षी बबीना आणि देवळाली यांसारख्या छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून नागरी स्थानिक संस्थेकडे देण्याचा विषय पुढे आला. राज्यकारभारात हद्दी अशा सरकतात. उद्या एखादे घर बोर्डाकडून नगरपालिकेकडे गेले तर त्या घराच्या जुन्या पावतीचे काय? पावतीचा पत्ता ‘/बोर्ड/बबीना/मालमत्ता/४५१/पावती/९’ असा असेल, तर बोर्ड गेल्यावर पावतीही गेल्यासारखी होते. त्या कागदावर छापलेला क्यूआर कोड मात्र रहिवाशाच्या कपाटात दहा वर्षे राहणार आहे.

यातून मी एक कसोटी काढली आहे आणि पुस्तकभर ती वापरली आहे. एखादी गोष्ट पालकाशिवाय अर्थहीन होत असेल तर तिला पालकाच्या पोटात ठेवा. पालक नाहीसा झाला, बदलला किंवा दुसऱ्याकडे गेला तरी ती टिकायला हवी असेल, तर तिला स्वतःचा, वरच्या पातळीवरचा पत्ता द्या. मालमत्तेचा ‘मोजमापे’ हा टॅब मालमत्तेशिवाय काहीच नाही, तो आत. पावती, दाखला, परवाना हे स्वतंत्र दस्त आहेत, ते वर. आतून त्यांच्याकडे जाणारे दुवे हवे तितके द्यावेत. या कसोटीने पाहिले की बऱ्याच अॅपांतली पाच-पाच, सहा-सहा थरांची उतरंड तीनवर येते. मॉड्यूलांची हद्दही त्याबरोबर स्पष्ट होते, कारण स्वतंत्र जगणारी गोष्ट कुणाच्या जबाबदारीची हे सांगणे सोपे असते. जुना पत्ता बदलावाच लागला तर रीडायरेक्टही त्या मॉड्यूलच्याच फाइलमध्ये लिहावा आणि तो काढून टाकण्याची घाई करू नये.

पुस्तक चार भागांत आहे. पहिल्या भागात पत्ते, आउटलेट आणि जुळणीचे नियम अँग्युलर, रिअॅक्ट राउटर आणि व्ह्यू राउटर या तिन्हींत शेजारी शेजारी ठेवून सांगितले आहेत. एका साधनाची सवय झालेल्याला दुसऱ्यातले गृहीतक लवकर दिसावे, हा हेतू. दुसरा भाग मॉड्यूलांच्या सांध्यांचा: पॅरामीटर, सापेक्ष दुवे, सामाईक सेवा, गार्ड. तिसऱ्यात लोड होण्याचे वेळापत्रक, माहिती आणण्याची जागा आणि बिघाड झाल्यावर काय दाखवायचे याची चर्चा आहे. चौथा भाग चालू अॅपमध्ये बदल करण्याचा आहे: गुंतलेली राउट-सारणी टप्प्याटप्प्याने कशी सोडवायची, जुने पत्ते कसे सांभाळायचे, गट वाढल्यावर जबाबदाऱ्या कशा वाटायच्या. ज्यांच्या हातात आधीच चालते अॅप आहे त्यांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. नव्याने शिकणाऱ्यांनी पहिला भाग टाळू नये, आणि उदाहरणे नुसती वाचू नयेत, चालवून पाहावीत.

हे मराठीत लिहिण्याचे कारण साधे आहे. नाशिक, सोलापूर, नांदेड, चंद्रपूर इथल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले अशाच पोर्टलांवर काम करतात. कोड लिहिताना ती ‘राउट’, ‘गार्ड’, ‘चंक’ म्हणतात आणि चर्चा मराठीत करतात. त्या चर्चेला मराठीतूनच शिस्तबद्ध आधार मिळावा, आणि ‘हे चालतंय ना, मग राहू दे’ यापुढे बोलणे जावे, असे मला मनापासून वाटते. सार्वजनिक पोर्टलचा राउट चुकतो तेव्हा त्याची किंमत बोर्डाच्या खिडकीवर पुन्हा रांगेत उभे राहणारा माणूस मोजतो.

म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी एक काम करा. तुमच्या अॅपमधले सगळे पत्ते एका कागदावर, एकाखाली एक लिहून काढा. प्रत्येकासमोर तीन उत्तरे लिहा: तो कुणाच्या कामाचा, कोणत्या मॉड्यूलचा आणि पालक गेला तर टिकायला हवा की नाही. मग तो कागद घेऊन त्या सेवेच्या खिडकीवर रोज बसणाऱ्या कर्मचाऱ्याशेजारी अर्धा तास बसा आणि लोक काय मागायला येतात ते ऐका. ज्या पत्त्यांसमोर तुम्हाला उत्तर लिहिता आले नाही, तिथून या पुस्तकाचे वाचन सुरू करा.